डोळे मिचकावणे ही नेहमीच खोड नसते

मुलांच्या वाईट खोडींवरील रविवार पुरवणीतील लेखात सतत डोळे मिचकावणे, मान झटकणे आणि घसा खाकरणे यांना नखे कुरतडण्याच्या पंगतीत बसवून ‘वेळीच दटावा’ असा सल्ला दिला आहे, त्याला माझी हरकत आहे. या हालचाली ‘टिक’, म्हणजे मुद्दाम न करता अचानक आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली किंवा आवाज, असू शकतात. शरीराच्या हालचालींच्या अनेक टिक आणि आवाजाची किमान एक टिक वयाच्या १८व्या वर्षाआधी सुरू होऊन वर्षाहून अधिक काळ राहिल्यास त्याला टुरेट सिंड्रोम म्हणतात. फ्रेंच डॉक्टर जॉर्ज जिल द ला टुरेट यांनी १८८५ मध्येच त्याचे वर्णन केले होते. शिंकेआधी नाक हुळहुळावे तशी बेचैनी टिकआधी जाणवते आणि मूल टिक थोडा वेळ दाबूनही धरते. म्हणूनच ‘वर्गात गप्प बसतो, घरी मुद्दाम करतो’ असा शिक्का त्याच्यावर बसतो. दटावण्याने ताण वाढतो आणि बहुधा टिकही.

सौम्य टिकला अनेकदा औषध लागत नाही. साधारण १० ते १२ या वयात जोर वाढतो आणि पुढे बहुतेकांमध्ये तो ओसरतो. त्रास होत असेल तर वर्तनोपचारात मुलाला टिकची चाहूल ओळखून विरुद्ध हालचाल करायला शिकवतात, उदाहरणार्थ मान झटकण्याऐवजी हनुवटी किंचित खाली घेऊन मानेचे स्नायू हलकेच ताणून धरणे. गरजेनुसार क्लोनिडिनसारखी औषधे डॉक्टर देतात. (विनोदांत हमखास येणारे शिव्या देण्याचे लक्षण थोड्याच रुग्णांत आढळते.) पुढील पुरवणीत याविषयी खुलासा छापावा, ही विनंती.

– एक वाचक