डोंगरातल्या वॉकीटॉकीचा पल्ला आणि परवाना

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळी भटकंतीचा हंगाम सुरू झाला की सह्याद्रीतील घाटवाटांवर मोठमोठे गट उतरतात आणि अलीकडे त्यांतील अनेक गटांच्या म्होरक्यांकडे वॉकीटॉकी दिसू लागले आहेत. हा बदल स्वागतार्ह आहे. मोबाइलची रेंज नसलेल्या जंगलात पुढे गेलेल्यांचा आणि मागे रेंगाळलेल्यांचा संपर्क तुटणे, हेच पुष्कळ चुकामुकींचे मूळ असते. परंतु हे संच ज्या निकषांवर खरेदी केले जातात, ते पाहून चिंता वाटते. खोक्यावर छापलेला पल्ला आणि वॅटचा आकडा एवढेच पाहिले जाते. आपण कोणत्या वाटेने जाणार आणि तो संच वापरण्याची कायद्याने मुभा आहे का, हे दोन्ही प्रश्न मागे पडतात.

आधी पल्ल्याविषयी. या संचांच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. दोन माणसे सपाट, मोकळ्या मैदानावर उभी असली तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे सुमारे दहा किलोमीटरपलीकडे त्यांच्यातील थेट रेषा तुटते. जाहिरातीतील वीस-तीस किलोमीटरचा दावा एका शिखरावरून समोरच्या शिखरावर बोलताना खरा ठरू शकतो. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढणाऱ्या गटाला त्याचा काहीही उपयोग नसतो. तिथे मधे डोंगराची एखादी सोंड (उतरत गेलेली धार) आली की काही शे मीटरवरचा आवाजही बंद होतो. सांदण दरीसारख्या उंच भिंतींच्या अरुंद घळीत, तळातून वरच्या साम्रद गावाशी हातातल्या संचाने बोलता येईल असे गृहीत धरून बेत आखणे धोक्याचे आहे. अधिक वॅटचा संच घेतल्याने ही अडचण सुटेल, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात अर्ध्या वॅटऐवजी पाच वॅट वापरल्यास फायदा दहा डेसिबलचा (संदेशाच्या ताकदीतील फरक मोजण्याचे एकक) होतो आणि मधल्या डोंगरधारेमुळे होणारी घट सहज वीस डेसिबल किंवा त्याहूनही जास्त असू शकते. बॅटरी मात्र निश्चितच लवकर उतरते.

म्हणूनच माझे मत असे आहे की, आपल्याकडच्या गटांनी वारंवारितेच्या परवानामुक्त पट्ट्यातील साधे संच घ्यावेत आणि उरलेला विचार माणसे कुठे उभी करायची यावर खर्च करावा. भारतात २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्तीचे हातातले संच परवान्याशिवाय वापरता येतात. मात्र त्या नमुन्याच्या उपकरणाला दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेची मान्यता असावी लागते. यांची शक्ती साधारण अर्धा वॅट असते आणि एका गटाच्या दोन टोकांमधील अंतरासाठी ती पुरेशी असते. याउलट स्वस्तात मिळणारे, वाटेल त्या वारंवारितेवर लावता येणारे चिनी संच परवान्याशिवाय वापरणे बेकायदा आहे, कारण त्यांवरून पोलीस, विमानतळ किंवा आपत्कालीन यंत्रणांच्या संभाषणात अडथळा येऊ शकतो. अशा संचांच्या ऑनलाइन विक्रीबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली असून, विक्रेत्याने वारंवारिता आणि मान्यतेचा तपशील देणे त्यांत अपेक्षित आहे. ज्या विक्रेत्याने हा तपशील दिलेला नाही, त्याच्याकडून खरेदी करूच नये.

येथे अमेरिकेतील नातेवाइकांकडून भेट म्हणून येणाऱ्या संचांचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. तिथे शिकारी आणि भटके यांच्यासाठी मोठी बाजारपेठ आहे आणि ४६२ व ४६७ मेगाहर्ट्झवरचे घरगुती संच तिथे विनापरवाना चालतात. ते पट्टे आपल्याकडे परवानामुक्त नाहीत, त्यामुळे तोच संच येथे सुरू करणे नियमभंग ठरते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. तिकडेही मॉन्टाना, अलास्कासारखी राज्ये प्राण्यांची शिकार करण्यासाठी अशा संचांची मदत घेऊ देत नाहीत, ही बाब आपल्या अभयारण्यांत फिरणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावी. वन्यजीवांना त्रास होऊ नये म्हणून कळसूबाई-हरिश्चंद्रगड किंवा भीमाशंकरच्या जंगलात संचाचा आवाज लहान ठेवणे किंवा इअरफोन लावणे एवढे तरी आपण करू शकतो.

ज्यांना अधिक पल्ला हवा आहे, त्यांच्यासाठी हौशी रेडिओचा (हॅम रेडिओ) परवाना हा सरळ मार्ग आहे. परीक्षा उत्तीर्ण होऊन १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरता येतो आणि ४४६ मेगाहर्ट्झच्या तुलनेत लांब असलेल्या या लहरी डोंगरधारेला किंचित अधिक वळसा घालतात. मात्र तो परवाना व्यवसायासाठी नसतो. त्यामुळे पैसे घेऊन सहली नेणाऱ्यांनी त्याच्या आडून कामकाज चालवणे योग्य नव्हे.

संच घेताना मी सर्वांत आधी पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा पाहीन. आयपी ५४ म्हणजे केवळ शिंतोड्यांपासून बचाव. आयपी ६७ चा संच एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याच्या चाचणीला उतरलेला असतो, आणि ताम्हिणीच्या किंवा अंधारबनच्या पावसात हाच फरक निर्णायक ठरतो. बॅटरी बदलता येणारी असेल तर उत्तम, नाहीतर पॉवर बँकवर चार्ज होणारी असावी. ‘प्रायव्हसी कोड’ या नावाने विकल्या जाणाऱ्या सोयीमुळे बोलणे गुप्त राहत नाही. फक्त इतरांचे आवाज आपल्याला ऐकू येत नाहीत. शनिवारी रात्री कळसूबाईच्या वाटेवर एकच चॅनल अनेक गट वापरत असतील, तर दोघांचे संदेश एकमेकांवर आदळणारच, म्हणून पर्यायी चॅनल निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावा.

एक संच म्होरक्याकडे, दुसरा अगदी शेवटच्या जाणत्याकडे आणि तिसरा मधल्या खिंडीत किंवा सोंडेवर थांबलेल्या माणसाकडे, अशी वाटणी केल्यास दोन्ही बाजूंना दिसणारा तो मधला माणूस निरोप पोहोचवू शकतो. अर्ध्या वॅटच्या संचाचे काम त्यामुळे जितके वाढते, तितके महागड्या अँटेनाने वाढत नाही. संच कमरेला अडकवून बोलू नये, उभा धरून चेहऱ्यापासून थोडा दूर ठेवावा, आणि बटण दाबल्यावर क्षणभर थांबूनच पहिला शब्द उच्चारावा, अन्यथा तो कापला जातो.

पर्यटन विभाग आणि वन विभाग यांना माझी विनंती आहे की, गर्दीच्या किल्ल्यांच्या पायथ्याशी आणि अभयारण्यांच्या नाक्यांवर कोणते संच वापरण्यास मुभा आहे याची माहिती मराठीत लावावी. सहल आयोजकांनीही नोंदणीच्या वेळीच सहभागींना सांगावे की, संच कोणाकडे असतील, चॅनल कोणता असेल आणि संपर्क तुटल्यास कोणी कुठे थांबायचे.

आपला विश्वासू,
एक डोंगरप्रेमी वाचक, पुणे