अपिलाचे १२० दिवस

सॅक्रामेंटो,
१८ जानेवारी २०२६

प्रिय सुहास,

तुझं पत्र आणि सोबतची नकाराच्या पत्राची प्रत, दोन्ही मिळालं. तुझ्या कोथरूडच्या घरात भाड्याने राहणाऱ्या, अफगाणिस्तानातल्या हेरातच्या विद्यार्थ्याच्या दिल्लीत असलेल्या थोरल्या भावाची, अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज नाकारला गेल्याची हकिकत वाचली. बाकी काहीही करण्याआधी त्याला एक तारीख भिंतीवर लिहून ठेवायला सांग: १२ मार्च २०२६. नकार १२ नोव्हेंबर २०२५चा आहे आणि त्यावर अपील करायला १२० दिवस मिळतात. संधी एकदाच असते. पूर्वी अपील फेटाळलं गेलं तर माणूस नव्याने अर्ज करायचा. आता तो दरवाजाच नाही, कारण नवे अर्ज घेण्याची कायद्यातली मुदत ३१ डिसेंबर २०२५ला संपली. म्हणजे या कुटुंबाच्या हातात हे एकच अपील आहे.

तू विचारलंस की हा सगळा प्रकार मुळात काय आहे. २००९च्या अफगाण अलाइज प्रोटेक्शन अ‍ॅक्टने अमेरिकेसाठी काम केलेल्या अफगाणांना स्पेशल इमिग्रंट व्हिसा, म्हणजे एसआयव्ही, देऊ केला. हा नेहमीच्या व्हिसासारखा नाही. तो घेऊन माणूस विमानतळावर उतरला की त्याच दिवसापासून कायमचा रहिवासी होतो, ग्रीन कार्ड मागाहून टपालाने येतं. बायको आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलंही त्यातच येतात. अट अशी की ७ ऑक्टोबर २००१ नंतर किमान एक वर्ष अमेरिकी सरकारसाठी किंवा सरकारच्या कंत्राटावर काम केलेलं हवं, ते निष्ठेने आणि उपयोगाचं केलेलं हवं, आणि त्या कामामुळे जिवाला गंभीर धोका हवा. जुलै २०२१पर्यंत ही अट दोन वर्षांची होती.

पहिला टप्पा म्हणजे चीफ ऑफ मिशनची, म्हणजे अमेरिकी दूतावासाच्या प्रमुखाची, मंजुरी. सगळे तिला ‘सीओएम’ म्हणतात. खरी परीक्षा इथेच होते आणि बहुतेक माणसं इथेच अडकतात. ती मिळाली की डीएस-२६० हा व्हिसाचा फॉर्म, मग अफगाणिस्तानबाहेरच्या एखाद्या अमेरिकी कचेरीत मुलाखत (काबूलचा दूतावास ऑगस्ट २०२१पासून बंद आहे), मग वैद्यकीय तपासणी आणि व्हिसा. कायदा सांगतो की सरकारच्या हातातलं सगळं काम नऊ महिन्यांत व्हावं. प्रत्यक्षात त्याला वर्षं लागत आली आहेत.

आता त्याचा नकार बघ. एक वर्षाची नोकरी कागदावर सिद्ध झालेली नाही, एवढंच त्यात म्हटलंय. हा नकार त्यातल्या त्यात बरा. ‘निष्ठेने काम केलं नाही’ किंवा ‘प्रतिकूल माहिती आढळली’ असं असतं तर लढाई फार कठीण झाली असती, कारण त्यामागे बहुधा पॉलिग्राफमध्ये, म्हणजे खोटं पकडण्याच्या यंत्राच्या चाचणीत, नापास होणं, लष्करी तळावरून काढून टाकलं जाणं अशी जुनी नोंद असते, आणि ती काय आहे हे अर्जदाराला धड कळतही नाही. याच्या बाबतीत दोष कागदाचा आहे, आणि कागद दुरुस्त करता येतो.

तू पाठवलेलं कंपनीचं एचआर लेटर मी नीट वाचलं. त्यात ‘२०११ ते २०१२’ एवढंच लिहिलंय. तपासणाऱ्याच्या दृष्टीने हा काळ डिसेंबर २०११ ते जानेवारी २०१२, म्हणजे दोन महिन्यांचाही असू शकतो. पत्रात रुजू झाल्याचा आणि सोडल्याचा दिवस, महिना, वर्ष हवं. पद, कामाचं ठिकाण, कंत्राटाचा क्रमांक, कुठल्या अमेरिकी खात्याचं कंत्राट होतं ते, आणि सही करणाऱ्याचा आज चालू असलेला ईमेल व फोन हवा. तो उपकंत्राटदाराकडे असेल तर वरच्या मुख्य कंत्राटदाराचं नावही. पैसा कंत्राटातून आला की अनुदानातून, हेही स्पष्ट हवं, कारण अनुदानावर चाललेल्या प्रकल्पातली नोकरी एसआयव्हीसाठी धरत नाहीत. तशा लोकांसाठी ऑगस्ट २०२१मध्ये पी-टू नावाचा निर्वासितांचा वेगळा मार्ग काढला होता, पण अमेरिकेचा निर्वासित कार्यक्रमच जानेवारी २०२५पासून थांबवलेला आहे.

कंपनी बुडाली किंवा दुसऱ्या कंपनीत विलीन झाली असेल तर हात टेकू नका. जुनं ओळखपत्र, पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे, तळावर प्रवेशाचा बॅज, नेमणुकीचं पत्र, कौतुकाची प्रशस्तिपत्रं: जे असेल ते तारखेच्या क्रमाने लावा आणि मूळ पत्र का मिळत नाही, कुणाकुणाला कधी विचारलं, हे एका पानावर लिहा. २०२१च्या ऑगस्टमध्ये कित्येकांनी तालिबानच्या झडतीच्या भीतीने हेच कागद स्वतःच्या हाताने जाळले. ते का नाहीत हे साध्या शब्दांत लिहिलंच पाहिजे.

दुसरा कागद शिफारसपत्राचा. ते थेट वरिष्ठाचं हवं आणि तो अमेरिकी नागरिक हवा. वरिष्ठ अफगाण असेल तर त्याच्या पत्रावर त्या कंत्राटाशी संबंधित, या माणसाचं काम माहीत असलेल्या अमेरिकी नागरिकाची सही घ्यावी लागते. इथे लोक मोठी चूक करतात. जनरलने सगळ्या तुकडीला वाटलेलं सुंदर सोनेरी प्रमाणपत्र जोडतात आणि रोज ज्याच्या जीपमध्ये बसले त्या सार्जंटला विसरतात. सार्जंटची पाऊण पानाची चिठ्ठी जास्त कामाची. त्याने लिहावं की मी याला अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत ओळखतो, तो हे काम करायचा, विश्वासाने केलं, त्याला अमुक धोका होता. अशा सैनिकांना शोधून देणाऱ्या निवृत्त सैनिकांच्या संघटना इथे आहेत, ‘नो वन लेफ्ट बिहाइंड’ त्यांपैकी एक. तुकडीचं नाव, तळ, महिना आणि एखादा जुना फोटो एवढ्यावर माणूस सापडू शकतो. हे आजच सुरू करायला सांग, कारण यालाच सर्वांत जास्त वेळ लागतो.

आता तझकिरा, म्हणजे अफगाण ओळखपत्र. तुला वाटेल ही बारीक गोष्ट, पण यावर फायली महिनोन्महिने पडून राहतात. जुन्या कागदी तझकिऱ्यावर जन्मतारीख नसते, ‘१३८५ साली वय १५’ असं असतं. म्हणजे जन्म शमसी, म्हणजे अफगाण सौर पंचांगातल्या, १३७०चा. इसवी सन काढायला आपण शकात ७८ मिळवतो तसे इथे ६२१ मिळवायचे, आणि त्यांचं वर्ष आपल्या चैत्राच्या आसपास, २१ मार्चच्या सुमाराला बदलतं. तेव्हा १३७० म्हणजे मार्च १९९१ ते मार्च १९९२. एका भाषांतरकाराने १९९१ लिहिलं, दुसऱ्याने १९९२, पासपोर्टवर १ जानेवारी पडली, की एकाच माणसाची तीन माणसं होतात. नावाचंही तसंच. अनेकांना आडनाव नसतं, आणि एकच नाव असलेल्यांच्या अमेरिकी कागदांवर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव अज्ञात) छापतात. सगळी भाषांतरं एकाच माणसाकडून, पासपोर्टच्या स्पेलिंगप्रमाणे करून घ्या आणि प्रत्येकावर भाषांतरकाराचं प्रमाणपत्र असू द्या. दिल्लीत त्यांनी यूएनएचसीआरकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेकडे, नोंदणी केली आहे, हे चांगलं आहे, पण तिथे सांगितलेल्या तारखा आणि या अर्जातल्या तारखा जुळतात का, ते एकदा शेजारी ठेवून बघा.

धोक्याच्या निवेदनात ‘सगळे अफगाण धोक्यात आहेत’ असं लिहून उपयोग नाही. कुणी, कधी, कुठे, कशी धमकी दिली आणि ती या नोकरीमुळेच कशी, एवढंच लिहावं. तपासनाक्यावर तालिबानला पैसे द्यावे लागले असतील तर ते लपवू नये. कायद्यात दहशतवादी संघटनेला मदत केल्याचं एक कलम आहे, पण जबरदस्तीने किंवा किरकोळ दिलेल्या पैशांसाठी २०२२मध्ये सवलती काढल्या आहेत. लपवलेलं मुलाखतीत निघालं तर मात्र खोटेपणाचा शिक्का बसतो आणि तो आयुष्यभर पुसत नाही. म्हणूनच दिल्लीच्या लाजपतनगरात किंवा कुठेही कुणी ‘सीओएम काढून देतो’ म्हणून पैसे मागत असेल तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. या अर्जाला शुल्क नाही, अपिलालाही नाही.

आता तुझा अवघड प्रश्न: व्हिसेच बंद असताना हा खटाटोप कशाला? खरं आहे. जून २०२५च्या प्रवेशबंदीत एसआयव्हीला सूट होती. नोव्हेंबर २०२५मध्ये वॉशिंग्टनमध्ये नॅशनल गार्डच्या जवानांवर गोळीबार झाला, आरोपी अफगाण निघाला, आणि काही दिवसांतच अफगाण पासपोर्टवरचे व्हिसे थांबले. १ जानेवारीपासून ती सूटही गेली. एका माणसाच्या कृत्याचा भार हजारो दुभाष्यांवर टाकला गेला, याचं मला फार वाईट वाटतं. पण ही बंदी राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने आलेली आहे आणि घोषणेनेच उठू शकते. एसआयव्हीचा कायदा रद्द झालेला नाही. दार उघडेल तेव्हा ज्यांच्या हातात सीओएम असेल तेच रांगेत असतील. १२ मार्च चुकली तर ती परत आणता येणार नाही.

तोवर दिल्लीत त्यांचा भारतीय व्हिसा संपू देऊ नये. संपलाच असेल तर एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या भारतीय कचेरीत, लगेच जावं, कारण मुदत उलटून राहिलेल्याला देश सोडतानाही तिथली परवानगी लागते. वैद्यकीय तपासणी आत्ता करायची नाही, ती साधारण सहा महिनेच चालते. थोरल्या भावाच्या मोठ्या मुलीचं वय किती ते कळव. १८च्या पुढे असेल तर २१चं गणित वकिलाला आताच दाखवायला हवं. इंटरनॅशनल रेफ्युजी असिस्टन्स प्रोजेक्ट या निर्वासितांना कायदेशीर मदत करणाऱ्या संस्थेची एसआयव्हीबद्दलची माहिती मोफत असते, ती दोघा भावांनी आधी वाचावी.

अपील नकाराच्या पत्रात दिलेल्या पत्त्यावरच जाऊ दे, केस नंबर विषयाच्या ओळीत. सगळ्या कागदांचे स्कॅन ३१ जानेवारीपर्यंत मला पाठव. मी तारखा ताडून बघतो आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मसुदा परत करतो, म्हणजे सार्जंटच्या पत्राची वाट बघायला महिनाभर उरेल.

वहिनींना नमस्कार, आणि त्या मुलाला सांग, परीक्षा बुडवू नकोस.

तुझा,
अनिरुद्ध