१ जानेवारी १८६३ : ‘दिनविशेष’मधील ओळ बदलायला हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१ जानेवारीच्या ‘दिनविशेष’ सदरांत एक ओळ हमखास असते : ‘१८६३ – अब्राहम लिंकन यांनी अमेरिकेतील गुलामगिरी रद्द केली.’ ती चुकीची आहे. स्पर्धा परीक्षा देणारी मुले ती तशीच वहीत उतरवून घेतात, म्हणून हे पत्र. जागा एकाच ओळीची असेल, तर ‘बंडखोर राज्यांतील गुलाम मुक्त झाल्याचे लिंकन यांनी जाहीर केले’ असे छापावे. आणखी एक ओळ मिळाली तर ६ डिसेंबर १८६५ ही तारीखही द्यावी. सर्व राज्यांतील गुलामगिरीची खरी कायदेशीर अखेर १३ व्या घटनादुरुस्तीने त्या दिवशी झाली.

हा जाहीरनामा यादवी युद्धातला, गुलामगिरी टिकवण्यासाठी संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांविरुद्धचा. तो मुळातून वाचताना डोळ्यांत भरते ती वगळलेल्या प्रदेशांची यादी. न्यू ऑर्लिन्स शहरासह लुइझियानातील १३ पॅरिश (तिथले जिल्हे), वेस्ट व्हर्जिनिया हे नवे राज्य होऊ घातलेल्या ४८ कौंटी आणि नॉरफोकसह व्हर्जिनियाच्या आणखी ७ कौंटी यांना तो लागू नव्हता. टेनेसी हे फुटलेले राज्य, पण जाहीरनाम्यात त्याचे नावच नाही, म्हणजे तिथेही तो लागू नव्हता. डेलावेर, मेरिलँड, केंटकी आणि मिसुरी या चार राज्यांत गुलामगिरी होती, पण ती संघराज्यातून फुटली नव्हती. तीही बाहेरच राहिली.

यामागे लिंकन यांचा दुटप्पीपणा शोधला जातो. कारण खरे तर राज्यघटनेत आहे. एखाद्या राज्यात गुलामगिरी असावी की नसावी, हे ते राज्य ठरवणार. शांततेच्या काळात अध्यक्षाला किंवा काँग्रेसला (अमेरिकेच्या संसदेला) तिथे हात घालता येत नसे. सरसेनापती म्हणून शत्रूचे बळ तोडण्याचा अधिकार मात्र अध्यक्षाकडे होता. जाहीरनामा त्या अधिकारात काढलेला, म्हणून तो शत्रूच्या मुलखापुरताच. घटनाच बदलायची तर तीन चतुर्थांश राज्यांची मंजुरी लागे. १८६० मध्ये ३३ राज्यांपैकी १५ राज्यांत गुलामगिरी होती, म्हणजे तो दरवाजाही बंद.

मग युद्ध पेटले कशावरून? पश्चिमेकडच्या नव्या जमिनींवरून. १८०३ मध्ये फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला लुइझियाना घेतले, १८४५ मध्ये टेक्सास आले, १८४८ मध्ये मेक्सिकोला हरवून कॅलिफोर्नियापर्यंतचा पट्टा मिळाला. राज्याचा दर्जा मिळण्याआधी या प्रदेशांवर काँग्रेसची सत्ता चाले, आणि दर वेळी तिथे गुलाम नेता येणार का, हा प्रश्न उठे. प्रत्येक नवे राज्य सिनेटमध्ये दोन सदस्य पाठवी. १८५० मध्ये कॅलिफोर्निया गुलामगिरीविना आत आले आणि गुलामगिरीची १५ विरुद्ध तिच्याविना १५ राज्ये हा तोल मोडला. पैशाचे गणितही त्याला जोडलेले होते. १ जानेवारी १८०८ पासून परदेशातून गुलाम आणायला बंदी आली. त्यामुळे तंबाखूने जमिनी कस गमावून बसलेल्या व्हर्जिनियातील मालकांचा मोठा आधार उरला तो नव्या कापूसपट्ट्याला माणसे विकण्याचा. १७९० ते १८६० या काळात सुमारे दहा लाख माणसांना असे नैर्ऋत्येला हलवले गेले, कित्येकांना साखळदंडांत पायी चालवून. नवी जमीन मिळणे थांबले असते तर विकाऊ माणसांचा भावही उतरला असता, हे दोन्ही बाजूंना पुरते ठाऊक होते. फुटीर राज्यांचे सदस्य उठून गेल्यावर काँग्रेसने १९ जून १८६२ रोजी साध्या कायद्याने सर्व केंद्रशासित प्रदेशांत गुलामगिरीला बंदी घातली.

‘जाहीरनाम्याने एकही गुलाम सुटला नाही’, असेही काही लेखांत वाचायला मिळते. हेही खरे नाही. साउथ कॅरोलायनातील पोर्ट रॉयल परिसराची बेटे नोव्हेंबर १८६१ पासून संघराज्याच्या सैन्याकडे होती आणि वगळलेल्यांच्या यादीत नव्हती. तिथली हजारो माणसे जाहीरनाम्याच्याच दिवशी कायद्याने मुक्त झाली. इतरत्र सैन्य जसजसे पुढे सरकले तसतशी मुक्ती पोहोचली.

पण सैन्य येण्याची वाट सगळ्यांनी पाहिली नाही. मे १८६१ मध्येच व्हर्जिनियातील फोर्ट मन्रोवर तीन गुलाम नावेतून आले. मालकाने त्यांना परत मागितले, तेव्हा जनरल बटलर यांनी ‘ही युद्धात जप्त केलेली मालमत्ता’ असा पवित्रा घेऊन ते नाकारले. त्यानंतर माणसांची रीघ लागली, आणि काँग्रेसला ऑगस्ट १८६१ व जुलै १८६२ मध्ये जप्तीचे कायदे करावे लागले. जाहीरनाम्याने सैन्याचे दरवाजेही उघडले. सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक लढले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर आणि वर कपड्यांचा भत्ता; यांना १० डॉलर, त्यातूनही ३ डॉलर कपड्यांसाठी कापले जात. काही पलटणींनी महिनोन् महिने पगारच नाकारला, तेव्हा जून १८६४ मध्ये काँग्रेसने समान वेतन दिले. एकट्या केंटकीतून २३ हजारांवर सैनिक भरती झाले आणि मार्च १८६५ च्या कायद्याने त्यांच्या बायकामुलांनाही मुक्ती मिळाली. लिंकन यांचे मोठेपण मान्य करूनही म्हणतो, या माणसांना सोडून लिहिलेला इतिहास अर्धाच राहतो.

युद्ध संपले की न्यायालय जाहीरनामा रद्दबातल ठरवील, ही भीती खरी होती. म्हणून गुलामगिरीवर घटनेतच बंदी घालणारी १३ वी घटनादुरुस्ती. प्रतिनिधिगृहात ती जून १८६४ मध्ये पडली. ३१ जानेवारी १८६५ रोजी ती ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली, दोन तृतीयांशांपेक्षा दोनच मते जास्त. ६ डिसेंबरला जॉर्जियाच्या मंजुरीने ३६ पैकी २७ राज्ये पूर्ण झाली. मेरिलँड आणि मिसुरी यांनी त्याआधीच स्वतःहून गुलामगिरी संपवली होती. केंटकी आणि डेलावेरमध्ये मात्र ती तोवर चालूच होती.

या दुरुस्तीत ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल ते वगळून’ असे शब्द आहेत. मिसिसिपीने नोव्हेंबर १८६५ मध्येच कायदा केला होता : दर जानेवारीत कृष्णवर्णीयांनी कामाचा लेखी पुरावा दाखवावा, नाही तर भटकेगिरीचा गुन्हा, दंड भरता आला नाही तर तो भरणाऱ्याकडे राबावे. गुन्हाच असा रचला की शिक्षेतून पुन्हा तीच शेते.

१९ जून १८६५ रोजी टेक्सासातील गॅल्व्हस्टन येथे निघालेला गुलाममुक्तीचा हुकूम हाच शेवटचा टप्पा, असेही छापले जाते. केंटकी आणि डेलावेर त्यानंतरचे, आणि त्याहीपुढे इंडियन टेरिटरी (अमेरिकेच्या मूळ रहिवाशांसाठी राखलेला प्रदेश). १८३० च्या कायद्याने आग्नेयेकडून हुसकावलेल्या चेरोकी, क्रीक, चोक्टॉ, चिकसॉ आणि सेमिनोल राष्ट्रांतील धनिकांनी आपले गुलामही बरोबर नेले होते. मागे राहिलेल्या त्यांच्या जमिनींवर कापसाचे मळे उभे राहिले. चेरोकींच्या संघराज्यनिष्ठ गटाने १८६३ मध्येच गुलामगिरी रद्द केली होती, पण पाचही राष्ट्रांवर ती करारांनी बंधनकारक झाली १८६६ मध्ये. क्रीक राष्ट्राचा करार १४ जून १८६६ चा. चोक्टॉ राष्ट्राने आपल्याकडच्या मुक्त गुलामांना नागरिकत्व दिले १८८५ मध्ये.

आपला,
एक इतिहास अभ्यासक