चिमीचा फोन यायच्या आधी

पुणे,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बंड्या,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. माझी साखर असते तेवढीच आहे, गुडघा पावसाळ्यात कुरकुरतो तेवढाच कुरकुरतोय, आणि हिचं बीपी माझ्यामुळे वाढतं असं हीच सगळ्यांना सांगते. झालं तब्येतीचं. फोन केला असता, पण आमच्याकडे भिंतींना नसले तरी चिमीला कान आहेत. आणि चिमी या आठवड्यात तुला फोन करणार आहे. त्याच्या आत हे तुझ्या हातात पडायला पाहिजे, म्हणून उद्या सकाळी स्पीड पोस्टने टाकतोय. वाचून फाड. तू फाडणार नाहीस हे माहीत आहे, तरी सांगून ठेवतो.

आज दुपारी तिच्या ऑफिसातली चारपाच पोरं जेवायला होती. ही सगळी जानेवारीत कोल्डप्लेला जाऊन आलेली, नेरुळला, डी. वाय. पाटील स्टेडियमवर. तिथे म्हणे आत शिरताना मनगटावर पट्टा देतात. गाण्याबरोबर अख्ख्या स्टेडियमची मनगटं एकदम पेटतात, एकदम विझतात, आणि जाताना पट्टा परत द्यायचा. एकाने परत दिला नव्हता. त्याने तो खिशातून काढून दाखवला, आता पेटत नाही. ते बघून मला काय झालं कुणास ठाऊक. चिमी म्हणाली, "बाबा, तुमची यूटूची गोष्ट सांगा ना," आणि मी सुरू झालो.

तुला माहीत आहे मी कसा सांगतो ते. पंधरा डिसेंबर 2019, तेच स्टेडियम, यूटू या आयरिश बँडच्या त्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम. पहिली गाणी चौघांनी माणसांच्या मधोमध, छोट्या स्टेजवर म्हटली. मागचा दोनशे फुटी पडदा तोवर बंद, त्याच्यावर नुसतं झाड रंगवलेलं. 'प्राइड' संपलं. मग आपल्या 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम'चा तो ऑर्गनचा एकच सूर, लांबून आल्यासारखा, वाढत वाढत... आणि तो सगळाच्या सगळा पडदा लाल! त्या लालासमोर चार काळी माणसं आणि एक काळं झाड. मग गिटारवाल्या एजची गिटार, ती थेंबाथेंबाने सुरू होणारी. मी म्हणे दोन्ही हात वर केले, डोळ्यांना धारा लागल्या आणि शेजारच्या अनोळखी पोराला मिठी मारली. बत्तीस वर्षं वाट पाहिली होती, वगैरे.

पोरं गप्प. एकीच्या डोळ्यांत पाणी. आणि आमची चिमी, वरण वाढता वाढता, अगदी सहज: "पण बाबा, मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात, गाणं सुरू होताच बंडूकाकांना फोन लावला आणि पूर्ण गाणं ऐकवलं. मग दोन्ही हात वर कसे?"

सगळे हसले. मीही हसलो. "म्हातारा झालो गं," म्हटलं. ती म्हणाली, "काकांनाच विचारते."

आता तुला माहीत आहे मी कुठे होतो. जगात तुलाच माहीत आहे. सहा वर्षं होत आली, तू एकदाही तोंडातून काढलं नाहीस. हे तुझ्या स्वभावात बसत नाही. माझी एम-थ्रीची केटी, म्हणजे गणितात नापास झाल्याचं, तू माझ्या लग्नात माइकवरून सांगितली होतीस.

तरी एकदा लिहून काढतो. पुण्याहून पनवेल, पनवेलहून लोकल, नेरुळला उतरून चालत. उन्हात दोन बाटल्या पाणी पोटात. छोट्या स्टेजवरची गाणी चालू झाली तेव्हाच मला घाई लागली होती. वयाच्या पन्नाशीला ती दबत नाही, तुझं तुला माहीत. 'प्राइड'नंतर अजून एखादं तरी तिथेच म्हणतील असा माझा हिशेब, म्हणून सटकलो. ती प्लास्टिकची खोकी असतात ना, ओळीने उभी केलेली. माझ्यापुढे सात जण. माझा नंबर लागला, आत गेलो, कडी लावली आणि ऑर्गन सुरू झाला.

बाहेर रांगेतले सगळे पळाले, पावलं ऐकू आली. मी पळू शकत नव्हतो. जमीन थरथरत होती, खोकं थरथरत होतं, कडी आपोआप खडखडत होती. वर दरवाजाच्या कडेला हवेसाठी चार फटी असतात, त्यातून लाल उजेड आत आला. माझ्या डाव्या हाताच्या पंजावर चार लाल पट्टे पडले. उजव्या हातात मोबाइल होता. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला, तू "हॅलो" म्हणालास आणि मी काहीही न बोलता तो फटीपाशी धरला. (उरलेलं काम बिनहाताचं चाललं होतं. त्याचा आवाजही तुला गेला असणार. माफ कर.)

एवढंच मी पाहिलं. हातावरचे चार पट्टे. बाहेर येऊन गर्दीतून वाट काढत जागेवर पोहोचलो तेव्हा पडद्यावर वाळवंटातला तो सरळ रस्ता धावत होता आणि गाणं शेवटाला आलं होतं.

लाल पडदा, चार काळी माणसं, हे सगळं मला त्या पोराने सांगितलं. "काका, कुठे होता तुम्ही? अख्खं लाल झालं होतं!" असं म्हणून त्याने हातवारे करून दाखवलं. आणि ते पोरगं कोण? तुझ्या तिकिटावरचं. इथे दुसरी कबुली. तुला सांगितलं होतं की तुझं तिकीट एका गरीब विद्यार्थ्याला फुकट दिलं. फुकट नव्हतं. स्टेशनबाहेर अर्ध्या किमतीला विकलं, आणि तो गरीब वगैरे मुळीच नव्हता, त्याच्या पायात माझ्या महिन्याच्या पेट्रोलचे बूट होते. त्यातूनच तुझा टीशर्ट आला. तेव्हा तो माझी भेट समजून अंगावर मिरवत असशील तर मिरवू नकोस, तुझ्याच पैशाचा आहे.

बंड्या, खोटं बोलल्याचं मला फारसं वाटत नाही. आपण काय कमी बोललोय का? घोर वेगळाच आहे. आज चिमीने टोकल्यावर मी गच्चीवर जाऊन डोळे मिटून बसलो आणि खरं काय ते आठवायला लागलो. तर मला खोकं आठवतं, आणि मैदानही आठवतं. दोन्ही तितकंच स्वच्छ. मी तिथे उभा होतो, लाल उजेड तोंडावर आला, पोराच्या मानेला डिओचा वास येत होता. मी त्याला मिठी मारली, हे खरं आहे? शेवटी 'वन'च्या वेळी मारली असेल. व्हिडिओ मी इतक्यांदा पाहिलाय की तो माझ्या डोळ्यांच्या मागच्या बाजूला चिकटलाय. आणि सांगून सांगून मीच त्याला वास लावला. आता दोन्हीतलं एक पुसायचं म्हटलं तर कुठलं पुसलं जाईल याची खात्री नाही.

याच गाण्याच्या रेकॉर्डिंगला त्यांचा निर्माता ब्रायन ईनो इतका कंटाळला होता की टेप पुसून टाकायला निघाला होता, स्टुडिओतल्या माणसाने अडवला, आठवतंय ना? होस्टेलवर ते वाचून दाखवलं तेव्हा तू म्हणाला होतास, "ईनो घेऊनसुद्धा जळजळ थांबली नाही होय!" त्या दिवशी मी हसलो नव्हतो. आज गच्चीवर एकटाच हसलो. समोरच्या बाईने लाइट लावून पाहिलं.

तुला आठवतं का, हे गाणं आपल्याला का लागलं होतं? शब्द तर धड कळत नव्हते. मग कुठेतरी वाचलं की बेलफास्टमध्ये माणूस कुठल्या रस्त्यावर राहतो हे सांगितलं की त्याचा धर्म आणि मिळकत कळते, त्यांच्या गायकाला, बोनोला, त्यातून हे सुचलं. तू म्हणालास, यात काय, मिरजेत येऊन बघ म्हणावं. मी ब्राह्मणपुरीतला. तुझ्याकडे तासगावला पहिल्यांदा आलो तर अण्णांनी नाव विचारलंच नाही. "कुठल्या गल्लीतलं पोरगं?" एवढंच, आणि मग काकूंना आत हाक मारून सांगितलं, रस्सा वेगळा काढू नका, हा खातो. मी तोवर खाल्लेला नव्हता! त्या रात्रीपासून खातो.

आणि आपला बँड. त्यांच्या ड्रमरने, लॅरीने, 1976 साली डब्लिनच्या शाळेत नोटीस लावली आणि त्याला एज, बोनो, अ‍ॅडम मिळाले. आपण मेसच्या फळ्यावर 'गिटारवाला पाहिजे' लिहिलं आणि आला कोण, तर इचलकरंजीचा हलगीवाला. तिघांत मिळून गिटार शून्य. तरी तो हलगीवर जे वाजवायचा ते लॅरीला जमलं नसतं, हे माझं मत कायम आहे. तुझं उलट असेल तर पत्राने कळव, फोनवर भांडायला मला जागा नाही. लास व्हेगासच्या त्या गोल थिएटरात, स्फिअरमध्ये, लॅरीचं ऑपरेशन म्हणून दुसरा ड्रमर बसवला, तेव्हा तू मेसेज टाकला होतास, "आता हा तो बँड नाही." मी उत्तर दिलं नाही. मला तेव्हा तुझ्या तिकिटावरचं ते पोरगं आठवलं होतं.

एक गोष्ट मात्र मी सगळी, पहिल्या सुरापासून ऐकली, आणि ती कुणालाच सांगितलेली नाही, कारण त्यात टाळ्या घेण्यासारखं काही नाही. आपली कॅसेट नव्वद मिनिटांची. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, आणि अल्बम पन्नास मिनिटांचा. कॅसेटवाल्याने दहा गाणी भरली, अकरावं बसेना म्हणून सोडून दिलं आणि बी साइडला तुझा किशोरकुमार टाकला. चार वर्षं आपण समजत होतो की 'एक्झिट'वर 'जोशुआ ट्री' संपतो. नेरुळला 'एक्झिट' संपलं, माझा हात आपोआप कॅसेट उलटायला उठला, खरंच सांगतो, बोटं अशी वळली. आणि ते अकरावं सुरू झालं. ज्यांची मुलं लष्कराने उचलून नेली आणि परत आली नाहीत, तिकडच्या, अर्जेंटिना-चिलीच्या आयांचं. पडद्यावर मेणबत्त्या धरलेल्या बायका एका ओळीत नुसत्या उभ्या. माझ्या भोवतीचे निम्मे लोक बिअर आणायला गेले. मी हललो नाही. हे गाणं तुझ्या बाजूला पाहिजे होतं. म्हणजे तू पाहिजे होतास.

पुढे रेहमान मुलींना घेऊन आला, 'अहिंसा' झालं, शेवटी 'वन'. छान होतं. एवढंच लिहितो.

तुझं काय? द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीचं नियोजन झालं का? 2019 सारखं होऊ नये म्हणजे मिळवली, आधी पूर आणि वर तो दिवाळीचा पाऊस आणि वेलींवर डाऊनी रोग. पोराचं कॅनडाचं कळलं, चांगलं झालं, थंडीचं जपायला सांग. वहिनींच्या डोळ्याचं झालं का? बेदाणे पाठवू नकोस, मागचेच दोन किलो आहेत, ही त्याचं लोणचं घालते म्हणते.

आता विचारायचं ते विचारतो. फोन लागला तेव्हा तू मिरजेला दवाखान्यात, अण्णांच्या खोलीबाहेर होतास, हे मला माहीत होतं. माहीत असून लावला. तू "हॅलो" म्हणालास, मग काही बोललास का? मला ऐकू आलं नाही. किती वेळ धरून उभा होतास? अण्णा जागे होते का? त्यांच्या तेराव्याला मी आलो, पंगत वाढली, बसने परत आलो, आणि हे विचारलं नाही. नंतर विचारायची वेळ गेली असं वाटायला लागलं, आणि मग ती गोष्ट सांगायची सवय लागली. दरवेळी सांगताना तुझा फोन कधी आत यायचा, कधी बाहेर जायचा. आज दुपारी दोन्ही हात वर झाले, म्हणजे तू बाहेर होतास.

तू काय ऐकलंस ते लिही. गाणं कमी आणि कडीच जास्त ऐकू आली असेल तर तेही लिही. माझ्याकडे त्या रात्रीचा तेवढाच एक पुरावा आहे आणि तो तुझ्या कानात आहे.

चिमीला काय सांगायचं ते तू ठरव. काकांनी गाणं ऐकलं म्हणालास तर मी एक हात खाली घेतो. खोकं सांगितलंस तर पुढच्या वेळी पोरं जेवायला आली की मी वरण वाढेन आणि ती सांगेल. तिला सांगता येतं, माझ्यापेक्षा बरं. फक्त आधी एक मिस्ड कॉल दे, म्हणजे मी भाजी आणायला जाईन.

काकूंना नमस्कार सांग. वहिनींना पण.

तुझा,
पम्या

ता. क. कॅसेट माझ्याकडे नाही. वरचं सगळं वाचून तुझा विश्वास बसणार नाही, पण खरंच नाही. तुझ्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये त्या निळ्या पेटीत बघ.