फेरिटिन नॉर्मल, मग निश्चिंत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला लोहावरचा लेख वाचला. गूळ, खजूर, बीट, पालक झालं आणि शेवटी काय, तर फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) कमी नसेल तर निश्चिंत राहा. वा! हेच आमच्या इथल्या एका डॉक्टरांनी ताईला सांगितलेलं आणि ती बिचारी अख्खा पावसाळा निश्चिंत राहिली, विहिरीवरनं एक कळशी आणली की पडवीच्या खांबाला धरून उभी राहायची, दम लागून बोलता येत नसे.

रिपोर्ट असा होता, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी 560, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, हिमोग्लोबिन 9.1 आणि फेरिटिन 390. साठा भरपूर आहे म्हणे, गोळ्या नकोत. पुढे रत्नागिरीला दाखवलं तर तिथल्या मॅडमनी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर प्रत्यक्ष किती लोह आहे ती तपासणी, करायला लावलं, ते निघालं 11 टक्के. म्हणजे साठा कागदावर, रक्तात खडखडाट. मॅडमनी नीट समजावलं, की चरबी वाढलेल्या माणसाच्या लिव्हरला बरेचदा आतून सूज असते, त्यात फेरिटिन नुसतंच वाढून दिसतं, वर सूज असली की लिव्हर हेप्सिडिन नावाचं लोह अडवणारं हार्मोन जास्त बनवतं आणि मग खाल्लेलं लोह आतड्यातच अडकतं, साठ्यातलंही सुटत नाही. कोठीत भात आहे पण किल्ली सासूच्या कमरेला! अशा माणसाला तुम्ही नुसता खजूर खा सांगणार?

बरं, लॅबमध्ये ट्यूब बघितली तर वरचं पाणी दुधासारखं पांढरं. इतक्या चरबीच्या रक्तात मशीन हिमोग्लोबिन आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतं, म्हणजे ते 9.1 तरी खरं होतं का देव जाणे. त्यावर लॅबवाला विचारतो, काल मासे जास्त झाले काय. अहो श्रावण होता, घरात सुक्या बांगड्याचा वासही नव्हता!

लेखिकाबाईंबद्दल आदर आहे, पण सूज, सीआरपी (सूज दाखवणारी रक्ततपासणी), सॅच्युरेशन यातलं एक अक्षर नाही आणि शेजारी अर्धं पान लोहाच्या टॉनिकची जाहिरात, हा योगायोग समजायचा का? खुलासा छापणार असाल तर तेवढ्याच टायपात छापा, मृत्युलेखांच्या खाली कोपऱ्यात नको.

आणि जाता जाता, आमच्याकडे पेपर दुपारच्या एसटीने येतो ते चालेल, पण रविवारची पुरवणी परत गायब होती. पैसे मात्र पुरवणीसकट घेता.

आपला,
एक जुना वाचक, राजापूर तालुका