पाणकणीस लावले, गाळाचे काय?

महोदय,

कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करण्यासाठी पाणकणीस, देवनळ, कर्दळ अशा पाणथळ जागी वाढणाऱ्या वनस्पती लावण्याच्या योजनांचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. जर्मनीत शास्त्रज्ञ केथे झायडेल यांनी १९५०च्या दशकातच पाणवनस्पतींवर असे प्रयोग सुरू केले होते. ओमानमधील निम्र येथे तेलविहिरींतून तेलासोबत वर येणारे पाणी देवनळाच्या विस्तीर्ण वाफ्यांतून स्वच्छ होते, तेही रोज १ लाख घनमीटरहून अधिक.

पण हे काम झाड एकटे करत नाही. मुळांवर आणि खडी-वाळूवर वाढणारे जिवाणू सेंद्रिय घाण खातात; मुळे त्यांना आधार देतात, थोडा प्राणवायूही पुरवतात. शिसे, क्रोमियम, कॅडमियम मात्र कोणीच खाऊन संपवत नाही. ते गाळात आणि मुळांत साठत जातात. तो गाळ आणि कापलेली झाडे कुठे जाणार, हे मंजुरीआधीच ठरलेले हवे. ती गुरांच्या चाऱ्यात गेली तर विषाने फक्त जागा बदललेली असेल!

शिवाय तीव्र आम्लयुक्त पाणी थेट सोडले तर वनस्पतीच मरतात. त्यामुळे सांडपाणी वनस्पतींकडे सोडण्याआधी करायच्या प्राथमिक प्रक्रियेतून कारखान्यांना सूट मिळू नये आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यातील धातूंचे प्रमाण दर महिन्याला जाहीर व्हावे.

— एक वाचक