‘सहा होमरनने विजयी’ म्हणजे काय?

संपादक महोदय,

शालेय सॉफ्टबॉल स्पर्धांच्या बातम्या आपल्या जिल्हा पानावर येतात, हे चांगलेच आहे. पण ‘६ विरुद्ध २ होमरनने विजयी’ असा जो मजकूर वारंवार छापला जातो, तो चुकीचा आहे. बॅटरने आपल्याच फटक्यावर, क्षेत्ररक्षकांची चूक न होता, तिन्ही बेस (धावताना गाठायचे टप्पे) घेऊन होमप्लेट (बॅटिंगची जागा) गाठली तर तो होमरन. एरवी रनर (बेसवर असलेला खेळाडू) पुढच्या खेळाडूंच्या फटक्यांवर टप्प्याटप्प्याने होमप्लेटला येतो, तो साधा रन. सहाही रन होमरनचे, असा सामना शाळेच्या मैदानावर विरळाच. बातमीत ‘रन’ लिहावे आणि जागा असेल तर सातही इनिंगचे रन ओळीने द्यावेत. सामना कुठे फिरला, ते तेवढ्यावरून समजते.

गफलत बातमीपुरती नाही. सांगली हे विजय हजारे आणि स्मृती मंधाना यांचे गाव. इथली मुले-मुली सॉफ्टबॉलला येतात ती क्रिकेटच्या सवयी घेऊनच, आणि पालकही क्रिकेटच्या हिशेबानेच पंचांवर ओरडतात.

क्रिकेटमध्ये चेंडू चहूकडे मारता येतो. इथे होमप्लेटपासून पहिल्या आणि तिसऱ्या बेसवरून जाणाऱ्या दोन रेषांच्या आतच खेळ. लेट कट गेला तो फाऊलमध्ये, म्हणजे रेषेबाहेर. रेषेला लागलेला चेंडू मात्र फेअर, म्हणजे आतला. पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या अलीकडे जमिनीवरून घरंगळणारा चेंडू जिथे थांबला किंवा अडवला गेला, त्यावर निर्णय होतो. बेस ओलांडताना तो आत असेल, तर पुढे बाहेर गेला तरी फेअरच. पाहायचे ते चेंडूकडे, क्षेत्ररक्षकाच्या पायाकडे नाही. फाऊल फटका पहिल्या दोन स्ट्राइकपर्यंत (स्ट्राइक म्हणजे बॅटरच्या विरुद्ध मोजलेला चेंडू) स्ट्राइक धरतात, पुढे नाही. मात्र दोन स्ट्राइकनंतर बंट (बॅट न फिरवता हलकेच टेकवलेला फटका) फाऊल गेला की बॅटर बाद.

काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंतच्या उंचीतून, होमप्लेटच्या १७ इंच रुंदीवरून आलेला चेंडू नुसता सोडला तरी स्ट्राइक. तीन स्ट्राइकला बाद, चार बॉल (या पट्ट्याबाहेरचे, बॅटरने सोडलेले चेंडू) झाले की पहिला बेस फुकट. तिसरा स्ट्राइक कॅचरच्या (होमप्लेटमागच्या खेळाडूच्या) हातून निसटला आणि पहिला बेस मोकळा असेल, किंवा दोघे आधीच बाद झालेले असतील, तर बॅटरने पळत सुटायचे. आपली मुले तेव्हा मान खाली घालून तंबूकडे चालू लागतात.

खरा घोळ होतो तो रनिंगमध्ये. फेअर फटका बसला की बॅटरला पळावेच लागते. त्याच्यासाठी पहिल्या बेसवरच्या रनरला जागा सोडावी लागते आणि दुसऱ्यावर कोणी असेल तर त्यालाही. या सक्तीच्या धावेत क्षेत्ररक्षकाने चेंडू हातात धरून बेसला पाय लावला की काम झाले, रनरला टॅग करायची (चेंडूसह स्पर्श करायची) गरज नाही. सक्ती नसेल तर टॅग हवाच. दुसऱ्या बेसवर एकटी रनर, पहिला रिकामा. चेंडू तिसऱ्या बेसवर येतो, तिथली मुलगी बेसवर पाय ठेवून हात उंचावते, रनर शेजारून पोहोचते आणि पंच सेफ देतात. मग गलका. पंच बरोबर असतात.

याहून बारीक गोष्ट अशी की मागचा बाद झाला की पुढच्याची सक्ती संपते. पहिल्या बेसवर रनर असताना पहिल्या बेसच्या खेळाडूने ग्राउंडर (घरंगळता चेंडू) अडवून आधी स्वतःच्या बेसला पाय लावला, तर बॅटर बाद. पण नंतर दुसऱ्याकडे थ्रो केला, तर तिथे टॅग करावा लागतो. थ्रो आधी दुसऱ्याकडे गेला असता तर नुसता पाय पुरला असता.

झेल गेला तर रनरने आपल्या बेसवर परतायचे आणि चेंडू झेलणाऱ्याच्या हाताला लागला की हवे तर पुढे निघायचे. उंच फटका दिसताच मुले उधळतात आणि एका झेलात दोघे बाद होतात. याच्या उलट लबाडी रोखायला इनफिल्ड फ्लायचा नियम आहे. पहिल्या-दुसऱ्यावर किंवा तिन्ही बेसवर रनर, दोघे बाद झालेले नाहीत आणि चेंडू इनफिल्डमध्ये (बेसच्या आतल्या भागात) सहज झेलण्याजोगा उंच उडाला, तर पंच बॅटरला आधीच बाद देतात. नाहीतर मुद्दाम झेल सोडून दोन रनर सक्तीने टिपता आले असते.

आणखी दोन नियम प्रेक्षकांना चटकन पटत नाहीत. पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) हातून चेंडू सुटण्याआधी बेस सोडला की रनर बाद. आणि डाव संपवणारी तिसरी विकेट सक्तीची असेल, किंवा बॅटर पहिल्या बेसआधीच बाद झाला असेल, तर तत्पूर्वी होमप्लेट ओलांडलेला रनही धरत नाहीत.

सवलतीच्या गुणांसाठी ऐनवेळी संघ उभे करणाऱ्या शाळांनी निदान बॅट हातात घेऊन पळायची सवय मोडावी. फटका मारून बॅट जमिनीवर सोडायची, भिरकावायची नाही. कॅचरला मास्क, छातीचे कवच आणि पॅड हवेतच.

मैदान आखणे अवघड नाही. होमप्लेटच्या मागच्या टोकापासून दुसरा बेस ८४ फूट सव्वादहा इंचांवर. १२० फुटांची दोरी घ्यावी, मधोमध गाठ मारावी, टोके या दोन ठिकाणी धरावीत आणि गाठ उजवीकडे ताणावी, तो पहिला बेस. डावीकडे ताणावी, तो तिसरा. या दोन्ही बेसच्या पिशव्या रेषेच्या आत ठेवाव्यात, मग फक्की मारावी. पावसाळ्यात काळ्या मातीवर पिशवी सरकते, म्हणून ती खालून पक्की ठोकावी. पिचिंग प्लेट महिलांसाठी ४३ फुटांवर, पुरुषांसाठी ४६. लहान गटांचे अंतर स्पर्धेच्या परिपत्रकात पाहावे. हे माप होमप्लेटच्या मागच्या टोकापासून घ्यायचे असते. काही जण पुढच्या कडेपासून टेप लावतात, अंतर १७ इंचांनी वाढते, चेंडू आखूड पडू लागतात, बॉलवर बॉल होतात आणि ओरडा खाते बिचारी पिचर.

– एक सॉफ्टबॉल पंच, विश्रामबाग, सांगली